अकराव्या वर्षाचा स्वेटर

"ताई, हा बाळासाठी विणलायस की वासरासाठी?" फोनवर धाकटी बहीण जनीन हसून हसून बेजार झाली होती. "अगं, माझं पोरगं एका बाहीत आख्खं मावतंय!"

शोनाला घाम फुटला. एकाच निळ्या लोकरीचे दोन स्वेटर तिने एकाच दिवशी खाकी कागदात बांधले होते. एक जनीनच्या तीन महिन्यांच्या बाळाचा, दुसरा अकरा वर्षांच्या ब्रायरचा. पत्ते उलटेपालटे चिकटवले. दिवसभर कातरणीच्या शेडमध्ये मेंढ्यांची लोकर उचलून पाठ मोडली, की माणूस असले घोळ घालतोच. आता बाळाचा टीचभर स्वेटर ओमारू गावी ग्लेनिसच्या घरी गेला होता, आणि तोही ब्रायरच्या वाढदिवसाला!

ब्रायर शोनाची लेक. अठराव्या वर्षी झालेली, दहा दिवसांची असताना ग्लेनिसला दत्तक दिलेली. चोरूनमारून नव्हे, उघड. कागदावर स्वच्छ लिहिलं होतं, वर्षातून एकदा भेट. दोन वर्षं भेटी झाल्याही. मग ग्लेनिसने कळवलं, "तू येऊन गेलीस की पोर आठवडाभर रडते. स्वेटर पाठवत जा, तू येऊ नकोस." शोना वकिलाकडे गेली. तो म्हणाला, त्या कागदाला कोर्टात कवडीची किंमत नाही. झालं! तेव्हापासून दर जुलैत इकडून एक स्वेटर जायचा आणि तिकडून चार ओळींचं पत्र यायचं. माप विचारलं तर "वयाप्रमाणे वीण." रंग विचारला तर "कुठलाही चालतो." फोटो मागितला तर उत्तरच नाही.

शोना माफीचं पत्र लिहायला बसली आणि तेवढ्यात पोस्टमन ग्लेनिसचं पत्र टाकून गेला.

"स्वेटर मिळाला. अगदी मापात बसला. ब्रायर दिवसभर अंगातून काढायला तयार नव्हती."

शोनाने ते दोनदा वाचलं. मग तिचं डोकंच फिरलं. तान्ह्या बाळाचा स्वेटर अकरा वर्षांच्या घोडीला मापात बसला? म्हणजे ही बया पुडकं उघडतसुद्धा नाही! नऊ वर्षं आपण बोटं झिजवली आणि हिने स्वेटर न बघताच उकिरड्यावर फेकले. "थांब, बघतेच तुझ्याकडे," असं म्हणत तिने गाडी काढली. वाटेत जनीनकडून खरा स्वेटर उचलला. ओमारू येईपर्यंत ती मनातल्या मनात कडाकडा भांडत होती. आज पोर डोळ्यांनी बघायची. स्वतःच्या हाताने तिच्या अंगात स्वेटर घालायचा. बघू कोण अडवतं ते.

दार ग्लेनिसनेच उघडलं. केस पार पांढरे झाले होते.

"कुठाय माझी पोर?" शोना उंबऱ्यातच कडाडली. "आणि माझे स्वेटर कुठल्या कचऱ्यात टाकतेस, तेही दाखव!"

"कचऱ्यात?" ग्लेनिस बाजूला झाली. "ये. बघ."

आतल्या खोलीत एक छोटा पलंग होता. त्यावर स्वेटर ओळीने मांडले होते, लहानापासून मोठ्यापर्यंत. पहिल्या तिन्हींचा रंग उडाला होता. पाचव्या वर्षाच्या स्वेटरच्या कोपराला रफू होतं. सहाव्यापासून पुढचे कोरे करकरीत. सगळ्यात शेवटी बाळाचा टीचभर निळा.

शोनाने रफूवर बोट ठेवलं. पोरीने तो झिजेपर्यंत घातला होता. "मग पुढचे का नाही घातले?"

"वाइटाकीवर पोहायला गेलो होतो," ग्लेनिस म्हणाली. "नदीला पाणी खूप होतं. सहावा वाढदिवस बघितलाच नाही तिने."

शोना पलंगाच्या कडेवर टेकली.

"पाच वर्षं उलटली याला?" ती ओरडली. "माझ्या लेकीला मातीत ठेवलंत आणि मला एक फोन नाही? दोन आया होतो ना गं आपण तिच्या? रडायला तरी दोघी झालो असतो!"

ग्लेनिसची नजर शोनाच्या काखेतल्या पुडक्यावर होती. तिने ते हळूच काढून घेतलं. कागद सोडला. बाळाचा स्वेटर बाजूला सारून अकराव्या वर्षाचा तिथे पसरला, आणि बाह्या हाताने सारख्या केल्या.

"तो चिमुकला बघितला तेव्हा वाटलं, तुला कळलं. आता स्वेटर बंद होणार. तरी नेहमीसारखंच पत्र लिहिलं." ती म्हणाली. "कळवलं असतं तर तू विणायची थांबली असतीस, शोना. मग ती पाच वर्षांचीच राहिली असती."