ताईनं दिलेली किडनी

धाकट्या भावाच्या मानेतली गाठ कॅन्सरची निघाली, तेव्हा डॉक्टरांनी किडनी देणाऱ्या ताईलाही आत बोलावलं. "तुमच्या किडनीबरोबर हर्पिसच्या कुळातला एक विषाणू यांच्यात गेला. बहुतेकांना तो लहानपणीच उष्ट्यातून लागतो आणि शरीर त्याला आवरायला शिकतं. यांना कधी लागलाच नव्हता. किडनी टिकवणाऱ्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती दाबलेली, म्हणून त्याला रान मोकळं मिळालं आणि त्यातूनच ही गाठ झाली." ताईचा चेहरा उतरला. लहानपणी आपल्या पेल्याला तिनं भावाला कधी तोंड लावू दिलं नव्हतं. "गोळ्या कमी केल्या तर गाठ विरू शकते, पण किडनी जाऊ शकते," डॉक्टर म्हणाले. दिलेला रुमालसुद्धा ताई जन्मभर बोलून दाखवते, हे भाऊ जाणून होता. "ताई, वस्तू तुझी, तूच सांग." "माझी कसली? तुझीच ती!" ताई खेकसली, जिभेवर आलेलं 'मेल्या' तिनं कसंबसं गिळलं. "डॉक्टर, आजपासूनच कमी करा."