बाहुलीघरातले आंबे

"आंबे संपले गं. अजून डझनभर कर," शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या.

हेमांगीला हसू आलं. पॉलिमर क्लेचे, वाटाण्याएवढे आंबे संपतील कसे? बाहुलीघरातल्या टोपलीसाठी काकूंनी ते गेल्याच आठवड्यात नेले होते. पिवळ्या क्लेची भरीव गोळी वळायची, सुईने देठाची खाच पाडायची, रंगीत खडूची पूड लावून गालावर लाली आणायची आणि ओव्हनमध्ये भाजायचं. आंबे असे हुबेहूब, की बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं.

तेवढ्यात तिचं हसू थांबलं. "काकू, घरात कुणी लहान मूल आलंय का? त्यानं गिळले तर जिवावर बेतेल हो!"

"मूल कुठलं? मी आणि ते बाहुलीघर."

"मग केरात गेले असतील."

"छे! गोड होते म्हणे."

"कोण म्हणतं?"

काकूंनी कमरेची कुंकवाची डबी काढून तिच्यापुढे उघडली. आत मुगाच्या डाळीएवढ्या, चोखून पांढऱ्या केलेल्या कोयी होत्या.

हेमांगीने त्या भिंगाखाली धरल्या. अजून ओल्या होत्या. कडेला आंब्याचे धागे चिकटलेले होते. तिने तर एकाही आंब्यात कोय घातली नव्हती.

"या खेपेला जरा मोठे कर," मागे वळून आपल्या उघड्या दाराकडे बघत काकू कुजबुजल्या. "वाढतं वय आहे."