हात तर वर जातो

"अर्ध्यावर हात सोडलास कशाला?" दाराबाहेर येताच गणपतने विचारलं.

विश्वजीतने कागदी पेल्यात पाणी भरलं आणि गणपतपुढे धरलं. गणपतने पेला डाव्या हाताने घेतला.

"मी तुला विचारतोय. खांद्यापर्यंत नेलास आणि थांबलास. समोर बाई पेन उघडून बसलीय, आणि हा थांबला."

"तेवढं पुरे होतं, काका."

"पुरे? अरे, माझा हात वर जातो. तूच नेलास ना इतके दिवस?"

"जातो," विश्वजीत म्हणाला. "तुम्ही बसा जरा."

गणपत बसला नाही. आखाती देशातल्या, नईम भागातल्या त्या क्लिनिकच्या बाकावर आणखी उमेदवार आपापले रुग्ण घेऊन थांबले होते. फिजिओथेरपिस्टच्या लायसन्सची लेखी परीक्षा विश्वजीत पास झाला होता. आज प्रात्यक्षिक होतं. नेहमीच्या एका रुग्णावर परीक्षकासमोर उपचार करून दाखवायचे. त्याने गणपतला आणलं होतं. गणपत सित्रा भागातल्या कामगारांची बस चालवायचा आणि त्याचा उजवा खांदा कधीचा आखडला होता.

विश्वजीतकडे नागपूरची डिग्री होती, तिथल्या इस्पितळातला अनुभव होता. इथे मात्र तो असिस्टंट. लायसन्सवाल्याने सांगायचं, याने करायचं. राबायचं याने आणि सही दुसऱ्याची, हे गणपतला पहिल्या दिवसापासून खुपत होतं. त्यात या खेपेला विश्वजीत नापास झाला तर क्लिनिक व्हिसा रिन्यू करणार नव्हतं. सनद नावाच्या वस्तीत घेतलेली खोली सोडून, बायको श्रावस्ती आणि शाळेत जाणारी मुलगी यांना घेऊन त्याला परत जावं लागणार होतं.

"समुद्र ओलांडला की डिग्री आटते काय रे?" गणपत म्हणाला.

"नियम आहे, काका."

"आमची ड्रायव्हिंगची टेस्ट झाली, खलास. पुन्हा कोणी विचारलं नाही. तुमचं मात्र आधी कागद, मग पेपर, मग हे. एवढी पारख करायचीय तर मला विचारा ना. खांदा कोणाचा आहे?"

"हळू बोला. आत ऐकू जाईल."

"जाऊ दे. आत मी एकदा तरी हूं की चूं केलं का? रुग्ण विव्हळला की वैद्याचं नाव जातं. म्हणून गप पडून राहिलो छताकडे बघत. आणि तू कुठे बघत होतास? हाताकडे बघायचं सोडून माझ्या पायांकडे. पाय कशाला बघायचे होते मेल्या?"

विश्वजीत जरासा हसला. "सवय आहे."

"घाबरलास. कबूल कर."

"घाबरलो असेन."

"मला बाहेर पाठवल्यावर काय म्हणाली ती?"

"विचारलं, का थांबलात."

"मग?"

"सांगितलं."

"काय सांगितलंस?"

विश्वजीतने खिशातून मोबाइल काढला. "श्रावस्तीचा फोन आहे," असं म्हणून तो जिन्याकडे गेला.

फोन वाजला नव्हता. गणपतने ते पाहिलं. बायकोला काय सांगायचं याची जुळवाजुळव करायला गेला असेल, असं त्याला वाटलं. सरळ माणूस. भांडायचं कसं ते याला कोणी शिकवलंच नाही. मग आपल्या वयाचा उपयोग काय?

त्याने पेला कचऱ्यात टाकला आणि दार लोटलं.

परीक्षक रशीदा टेबलाशी बसून संगणकावर काही टिपत होती. तिने मान वर केली. "तुमचं झालं आहे," ती हिंदीत म्हणाली. "बाहेर थांबा."

"दोन मिनिटं, म्याडम." गणपतनेही हिंदी धरली. "तो मुलगा घाबरला. तुमच्यासमोर कोणीही घाबरेल. पण त्याचं काम पक्कं आहे. त्याच्यावर अन्याय होता कामा नये, म्हणून आलो."

"कसला अन्याय?"

"तो अर्ध्यावर थांबला ना. म्हणजे पुढे हात जात नाही असं तुम्हाला वाटलं असणार. हे बघा."

त्याने उजवा हात पुढून उचलला आणि थेट कानाला लावला.

रशीदा उठून त्याच्याजवळ आली. "आणखी मागे न्या."

त्याने नेला. चपलेत त्याच्या पायांची बोटं आवळली गेली.

"दुखत नाही?"

"अजिबात नाही."

"मघाशी? तो हात उचलत होता तेव्हा?"

"तेव्हाही नाही."

"खरं सांगा. पुष्कळ रुग्ण लपवतात."

"मी कशाला लपवू? देवाशपथ सांगतो, म्याडम, कापूस उचलावा तसा उचलत होता." गणपत हसला. "बघा ना, आहे का चेहऱ्यावर काही?"

रशीदाने त्याचा चेहरा नीट निरखला. मग ती खुर्चीत जाऊन बसली, तिने संगणकावर काहीतरी बदललं आणि म्हणाली, "बरं झालं, तुम्ही आलात."

"मग झालं ना त्याचं काम?"

"झालं होतं. मी त्याला पास केलं होतं, तेही एवढ्याच एका गोष्टीसाठी. तो म्हणाला, रुग्ण तोंडाने कधी सांगणार नाही, पण खांद्याच्या वर त्याला सोसत नाही, म्हणून थांबलो. मला वाटलं, न सांगता ओळखतो, असा माणूस पाहिजे. पण तुम्हाला तर काहीच दुखत नाही. म्हणजे तो नुसताच अडला, आणि वर कारण रचून सांगितलं."

गणपतचा हात अजून वरच होता.

"दुखतंय, म्याडम," तो म्हणाला.

रशीदा त्याच्याकडे बघून समजुतीने हसली, आणि तिने पुढच्या उमेदवाराला हाक मारली.