एका गाठीचे ठिपके

डिपोटीसाहेब तपासणीला येणार म्हणून प्रमिलाबाईंच्या वर्गात मुली घोकत होत्या, "पाव गुणिले पाव, सोळावा हिस्सा." दगू मध्येच उठली. "बाई, पावले पावघाई गुनं, तं कमी कसं जायं?"

"पाठ कर," बाई म्हणाल्या. त्यांनाही तेवढंच ठाऊक होतं; पावाला पावाने गुणून कमी का होतं, ते नाही.

घरी त्यांनी ते हसत वडिलांना सांगितलं. तिचे आबा, बन्सीलाल रंगारी, निरक्षर. शाळेत कुणी वडिलांचं विचारलं की प्रमिलाबाई विषय बदलत.

आबांनी तळोद्याच्या बाजाराचं काम बाजूला सारलं. मलमलीचा रुमाल घडी घालून चौपदरी केला, त्याच घडीचे आणखी चार पदर केले आणि मधोमध दोऱ्याने एक गाठ आवळली. "ठिपका कितला व्हतीन, मास्तरीनबाई?"

"एका गाठीचा एकच."

आबा पोट धरून हसले. "सकाय दखजो," म्हणत त्यांनी रुमाल निळीत बुडवला.

सकाळी आबा उठलेच नाहीत.

तेरावं झाल्यावर प्रमिलाबाई शाळेत गेल्या आणि निळीतून काढून वाळवलेला तो रुमाल त्यांनी गाठीसकट दगूच्या हातात ठेवला. दगूने गाठ सोडली, एकेक घडी उलगडली. निळ्या रुमालावर सोळा चौकोन, प्रत्येकात एक पांढरा ठिपका. तिने त्यातल्या एकावर हळूच बोट ठेवलं. "पावना पाव," ती पुटपुटली, पावाचाही पाव.

बाईही त्या चौकोनाकडे पहिल्यांदाच पाहावं तशा पाहत राहिल्या.

"बाई, तुम्हले हाई कोनी शिकाडं?"

वर्गात कधी अहिराणी न बोलणाऱ्या प्रमिलाबाई म्हणाल्या, "मन्हा आबास्नी. रंगारी व्हतात."