बोटीचा टाइम

"पाव्हणं, तुमचं घड्याळ तासभर पळतंय," सोनबा म्हणाला.

मांडवातले दोघे-तिघे हसले. सोनबा हा नवऱ्या मुलाचा चुलता. नसरापूरला मोटारीची तिकिटे फाडायचा. कामथडीच्या त्या मांडवात घड्याळ असलेली माणसे दोनच, एक तो आणि दुसरा नवरीचा मामा, कुंडलिक.

"पळत न्हाई. बोटीचा टाइम हाय त्यो," कुंडलिक म्हणाला. "शिंगापूरकडनं आलो. मुंबईत दोनच दिस मुक्काम, म्हून कप्तानानं काटं फिरवलंच न्हाईत."

"आन् बोट सुटती ती कंच्या टाइमानं?"

कुंडलिक बोटांवर तास मोजू लागला.

बोट पहाटे सुटणार होती, बोटीच्या घड्याळाने. मोटार आणि रेल्वे धावत होत्या जमिनीच्या घड्याळाने. कुंडलिकाने दोन्ही वेळा एकाच हिशेबात धरल्या होत्या. लग्न लावायचे, संध्याकाळच्या मोटारीने पुणे गाठायचे, तिथून रात्रीची गाडी. बोट सुटायच्या अर्धा तास आधी तो धक्क्यावर असता. आता तो पोचेल तेव्हा बोट सुटून अर्धा तास झालेला असेल. बोट चुकवलेल्या खलाशाला पुन्हा दुसरी बोट घेत नाही.

"दुपारची मोटार?" त्याने विचारले.

सोनबाचे हसू गेले होते. "साताऱ्याहून कवाच निघाली आसंल. लगीन लागायच्या आदीच हितं यील. थांबवतो म्या रस्त्यावर. पन किती थांबवू? डायवर काय माजा जावय न्हाई."

बोहल्याच्या मागे पाण्याने भरलेले घंगाळ ठेवले होते. त्यात तांब्याची एक वाटी तरंगत होती. वाटीच्या बुडाला बारीक भोक. त्यातून पाणी वर चढे, वाटी भरे आणि बुडे, की झाली एक घटका. मुहूर्ताला अजून दोन वाट्या होत्या. पहिली निम्मी भरली होती.

कुंडलिक जोशीबुवांकडे गेला. "बुवा, थोडं अलीकडं घेता येनार न्हाई?"

भोरहून आलेल्या जोशीबुवांनी मान हलवली. "मुहूर्त माझ्या हातात नाही, कुंडलिकराव. दुसरी वाटी बुडाली की वेळ झाली. त्याआधी नाही."

"मंग पाठीशी दुसरा कुनी मामा हुबा करा," वऱ्हाडातून कोणी तरी सुचवले. "चुलतमामा हाय की."

"म्या हुबीच ऱ्हायची न्हाई," चंद्रा म्हणाली.

नवरीने मांडवात बोलायची रीत नव्हती. बाप गेल्यापासून चंद्राला मामानेच वाढवले होते. तिची आई अंबूबाई विधवा, म्हणून आतल्या दाराशीच थांबली होती. तिने पदराचा बोळा तोंडाशी धरला.

"पाण्यावरचा मानूस," वरमाय रतनबाई शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली. "पाय हितं, जीव धक्क्यावर. आसल्याला कशाला मान द्यावा."

चंद्राने होणाऱ्या सासूकडे पाहिले. तिने मामाच्या सदऱ्याची बाही मुठीत घट्ट धरली. रतनबाईने ती मूठ पाहिली आणि मग बराच वेळ दुसरीकडे पाहत राहिली.

पहिली वाटी बुडाली. जोशीबुवांनी ती काढून रिकामी केली, पुन्हा पाण्यावर सोडली आणि बोहल्याकडे वळून मंगलाष्टके सुरू केली. अंतरपाट धरला गेला. कुंडलिक टोकाला लिंबू खोचलेली कट्यार घेऊन भाचीच्या पाठीशी उभा राहिला.

वाटी तिसरा हिस्सा भरली असेल, तेव्हा रस्त्यावर मोटारीचा भोंगा वाजला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला. सोनबा रस्त्यावर ड्रायव्हरशी हुज्जत घालत होता, त्याचे शब्द मांडवापर्यंत येत होते. कुंडलिकाने एकदा रस्त्याकडे पाहिले.

"घटकंच्या वाटीला हळदकुक्कू वाह्यलं का कुनी?" रतनबाईने विचारले. "कुनाला काय रीत म्हून न्हाई."

ती उठली, बोहल्यामागे गेली आणि पदर पुढे ओढून घंगाळाशी बसली. पूजेला लागतो त्याहून थोडा जास्त वेळ बसली.

"बुडाली," ती म्हणाली.

जोशीबुवांनी वळून पाहिले. पाण्यावर वाटी नव्हती. त्यांनी मांडवाच्या फटीतून सूर्याकडे पाहिले, पुन्हा घंगाळाकडे पाहिले. भोंगा तिसऱ्यांदा वाजला.

"सावधान," ते म्हणाले.

अंतरपाट खाली आला. अक्षता पडल्या. चंद्रा मामाच्या पायाशी वाकली. त्याने तिला उठवले, तोंडावरून हात फिरवला, कट्यार चुलतमामाच्या हातात दिली आणि पळत सुटला. केसांत अडकलेल्या अक्षता तशाच घेऊन तो मोटारीत चढला.

पंगतीची गडबड सुरू झाली. जोशीबुवा आपले सामान आवरू लागले. वाटी काढायला त्यांनी घंगाळात हात घातला. वाटीत चांदीची दोन जाड जोडवी होती.

ते जोडवी मुठीत घेऊन रतनबाईजवळ आले. तिने पाय लुगड्याच्या घोळात ओढून घेतले होते.

"तुमच्याच लेकाचा मुहूर्त होता, बाई," ते हळू आवाजात म्हणाले.

रतनबाईने हात पुढे केला.

"म्हून तर जोडवी माजीच काढली."