बाबांचा फो

वडिलांच्या पहिल्या वर्षश्राद्धाला दिएपने तसबिरीपुढे त्यांचा लाडका फो ठेवला: नितळ रस्सा, तांदळाच्या शेवया, मांसाचे काप, वर कांद्याची पात. बाबा उत्तरेकडच्या हनोईचे, दक्षिणेतले सायगॉनचे लोक वाडग्यात तुळस आणि मुगाचे मोड घालतात ते पाहून म्हणायचे, "गुरांचा चारा!" तेवढ्यात आई पाल्याची टोपली घेऊन आली. "अगं, ह्यांना हेच आवडायचं. नाक्यावरच्या टपरीवर मूठभर घालून खायचे. घरी मात्र आजीचा धाक!" दिएप गोंधळली. उदबत्ती विझली की वाडगा उतरवायचा. तोवर बाबांना आवडीचा घास पोचायला हवा. पण त्यांचं बोलणं खरं मानायचं की आईचं? आतून म्हातारी आजी ओरडली, "घाल की गं तुळस! टपरीवर लेकाबरोबर मीच तर जायचे!" आई थिजली. दिएपने टोपलीतली मूठभर तुळस वाडग्यात घातली. मग इतकी वर्षं या घरात बिनपाल्याचा फो शिजायचा तो कुणासाठी?