यादीत नसलेल्या बाटल्या

“आणि तुम्ही दोघी कुठून उपटलात गं?” इनक्युबेटरच्या सगळ्यात खालच्या फळीकडे वाकून काकूंनी विचारलं.

मागच्या कोपऱ्यात दोन चपट्या बाटल्या होत्या. यादीत त्यांची नोंद नव्हती. झाकणावर परवाची तारीख तेवढी होती. अक्षर मात्र इथल्या शास्त्रज्ञ मॅडमचं.

काकू या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं पेशी पोसत होत्या. अस्थिमज्जेतल्या कोवळ्या पेशी बाटलीत ठेवायच्या, त्यांना वाढीचे घटक द्यायचे, मग त्यांच्यातून रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तयार होतात. कुठला घटक, किती, यावर कोणती पेशी पुढे काय होणार ते ठरतं. या घटकांना इथे सगळे नुसतं ‘खुराक’ म्हणत. एक दिवसाआड खुराक द्यायचा आणि यादीवर खूण करायची, हे काकूंचं काम. सव्वीस वर्षांत त्यांच्या हातून एकही बाटली उपाशी मेली नव्हती आणि निवृत्तीला दोन महिने उरले होते. दिवसातून एकदा तरी हे त्या कोणाला तरी ऐकवायच्याच.

त्यांनी एक बाटली मायक्रोस्कोपखाली ठेवली. “अगं बाई!”

पेशी पार सुकून आक्रसल्या होत्या. दुसऱ्या बाटलीची तीच गत.

मॅडम विसरल्या, दुसरं काय! बिचारीचं डोकं ठिकाणावर होतं कुठे? धाकट्या बहिणीला गेल्या वर्षी रक्ताचा कर्करोग झाला होता. उपचार झाले, गेलेले केस परत आले, आणि आता तो खरंच गेला की नाही याची तपासणी चालू होती. कालच मॅडम रजा टाकून तिच्याकडे गेल्या होत्या. निघताना फोनवर “चिमे, रडू नकोस, मी येतेय” म्हणाल्या, आणि रडत स्वतःच होत्या.

काकूंनी फोन उचलला आणि पुन्हा ठेवून दिला. बहिणीच्या उशाशी बसलेल्या बाईला तुमच्या बाटल्या मरायला टेकल्यात म्हणून सांगायचं? छे!

खुराकाची कुपी काढली तर यादीतल्या बाटल्यांना देऊन तळाशी जेमतेम एका बाटलीपुरता उरलेला. नवीन पेटी सोमवारी येणार. अर्धा-अर्धा वाटला असता तर दोघी अर्धपोटी गेल्या असत्या. काकू बराच वेळ कुपी हातात धरून उभ्या राहिल्या. मग जी बाटली हाताशी होती तिला खुराक दिला.

“रागावू नकोस हं,” त्या दुसरीला म्हणाल्या.

तिचं काय होणार हे त्यांना माहीत होतं. मॅडमनीच तर शिकवलं होतं, खुराक तोडला की चांगली पेशी चार-पाच दिवसांत मान टाकते. “खुराकाशिवाय मजेत जगते ना काकू, ती पेशी बिघडलेली समजायची.”

“म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखी,” काकू तेव्हा म्हणाल्या होत्या. “घरी जेवत नाहीत आणि पोट मात्र सुटतंय. बाहेर कुठेतरी चरतात मेले!” मॅडम हसता हसता खुर्चीवरून पडायच्या राहिल्या होत्या.

सोमवारी पेटी आली तोवर उशीर झाला होता. खुराक मिळालेली बाटली टवटवीत, आणि दुसरीत सगळा सडा पडलेला. ती टाकून द्यायला काकूंचा हात होईना. त्यांनी ती हातमोज्यांच्या खोक्यामागे सरकवून दिली.

मंगळवारी मॅडम आल्या त्या थेट इनक्युबेटरपाशी. एप्रनसुद्धा घातला नाही. समोर दिसली ती बाटली उचलली आणि मायक्रोस्कोपला डोळे लावले.

“जिवंत आहेत,” त्या म्हणाल्या.

काकूंचा जीव भांड्यात पडला. “चांगल्या बाळसं धरून आहेत!”

मॅडम स्टुलावर बसल्या. डोळे भरून आले होते. काकूंना वाटलं, आनंद झाला असेल. पण मॅडमनी फोन हातात घेतला, त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि टेबलावर पालथा ठेवला.

“दुसरी कुठंय? द्या, तीही बघते. तीही अशीच असणार म्हणा.”

झालं! आता लपवून काय होणार होतं?

“मॅडम, चुकलं माझं. यादीत नव्हत्या, मला वाटलं तुम्ही गडबडीत विसरलात. मीच हिला खुराक दिला.”

मॅडमनी मान वर केली. “काय दिलंत?”

“खुराक. पण एकीपुरताच होता हो. दुसरीला नाही पुरला.”

“दुसरीला काहीच नाही दिलं? एक थेंबही?”

“नाही.” काकूंनी खोक्यामागून बाटली काढली. “मेली, मॅडम. एकूण एक पेशी मेली. सव्वीस वर्षांत पहिली. बोला मला काय बोलायचं ते.”

मॅडमनी बाटली जवळजवळ हिसकावूनच घेतली. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सरकवून पाहिली, पुन्हा पहिल्यापासून पाहिली. मग उठल्या आणि काकूंना अशी मिठी मारली की काकूंचा चष्मा नाकावरून घसरला. बाई रडतेय की हसतेय तेच कळेना.

“मॅडम, अहो, बऱ्या आहात ना?”

मॅडमनी एका हाताने काकूंना तसंच धरून ठेवलं आणि दुसऱ्या हाताने फोन लावला.

“चिमे, ऐक,” त्या म्हणाल्या, “तुझ्या पेशी मेल्या गं! एकूण एक मेल्या!”